स्कॅनमधली खूण आणि अंगातले दुखणे

एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यांपैकी कोणत्याही यंत्रात दुखणे दिसत नाही. दिसते ती फार तर दुखण्याची संभाव्य जागा. जागा आणि दुखणे यांच्यामधले अंतर अनुमानाने ओलांडावे लागते, आणि अनुमान कुठे टिकते, कुठे फसते, याचा काथ्याकूट भारतीय तर्कशास्त्राने दीड-दोन हजार वर्षे केलेला आहे. जखमी माणूस रिपोर्ट हातात आल्यावर विचारतो, ‘यात लिहिलंय तेच मला झालंय का?’ हा प्रश्न वैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तो रोज विचारला जातो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे वाहनांचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी वर्कशॉप या माळावर उभी राहिली. बोट प्रेसखाली येते, बिन उचलताना कमरेत कळ भरते, पत्र्याच्या शेडवरून माणूस पडतो, रात्रपाळी सुटल्यावर नाशिक रस्त्यावर दुचाकी घसरते. मग ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दवाखाना, नाहीतर वायसीएम रुग्णालय, नाहीतर खाजगी डॉक्टर. आणि शेवटी स्कॅन सेंटरची ती भलीमोठी पिशवी. घरी आल्यावर फिल्म खिडकीपाशी उजेडात धरली जाते. घरातले सगळे तिच्याकडे पाहतात आणि कुणालाच काही कळत नाही. कळण्यासारखे असते ते सोबतच्या कागदावर, आणि तो इंग्रजीत असतो.

प्रत्येक यंत्र शरीराला एकच प्रश्न विचारते. विल्हेल्म रोंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले आणि २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. तीत हाडे आणि बोटातली अंगठी दिसते, मांस जेमतेम. किरण कुठे अडले, एवढेच त्या काचेला माहीत. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी यंत्रात १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. त्यातही प्रश्न किरण अडण्याचाच, फक्त तो अनेक कोनांतून विचारून उत्तराचे अंक मांडलेले: पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड शेकड्यांत. एमआरआय विचारतो ते हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना. त्याच्या टी-२ नावाच्या चित्रात पाणी पांढरे उमटते, म्हणून दोन मणक्यांमधली पाणी हरवलेली गादी काळी दिसते. ‘काळी गादी’ हे शब्द ऐकून घाबरलेल्या माणसाला, काळेपणा म्हणजे फक्त कमी पाणी, हे सांगणारा क्वचितच भेटतो. कमी पाणी म्हणजे जास्त दुखणे, असे चित्र कुठेही म्हणत नाही.

न्यायदर्शनात ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे ठरवणे, हे अनुमानाचे सर्वांना पाठ असलेले उदाहरण. त्यात धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ ही दोघांना बांधणारी व्याप्ती. दुसऱ्याला पटवायचे असेल तर अनुमान पाच पायऱ्यांनी मांडावे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तिसऱ्या पायरीवर व्याप्ती उघड करून दाखवावी लागते.

रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात काय काय दिसले ते आधी येते आणि ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली निष्कर्ष शेवटी. मधली उदाहरणाची पायरी तिथे नसते. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगली आहे, हे लिहिलेले असते. अशी फुगलेली गादी असणाऱ्या शंभरांतले किती जण कण्हत असतात आणि किती जण पोती उचलत असतात, ते लिहिलेले नसते. म्हणून बहुतेक रिपोर्ट प्रामाणिकपणे एक ओळ जोडतात: रुग्णाच्या तपासणीशी पडताळून पाहावे. वाचणारा नेमकी तीच ओळ शिष्टाचार समजून सोडून देतो. तर्काच्या दृष्टीने रिपोर्टातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, कारण व्याप्ती अजून सिद्ध व्हायची आहे याची ती कबुली असते.

व्याप्ती नसते तिथे हेतू ‘सव्यभिचार’ ठरतो. म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही तो सापडतो. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ सतराव्या शतकातला. संस्कृत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घोकला. त्याच्या परंपरेत या दोषाचे ठरलेले उदाहरण आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. पाठशाळेत हे उदाहरण कल्पनेने समजून घ्यावे लागे. चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये ते समोरच दिसते. इंडक्शन हीटरमधून बाराशे अंशांच्या आसपास तापलेले बिलेट बाहेर येते, नारिंगी, झगझगीत, आणि धुराचा मागमूस नाही. ते डायमध्ये ठेवले, डायवर मारलेल्या वंगणाला टेकले आणि हॅमर पडला की भसकन धूर उठतो. धूर नुसत्या अग्नीचा नव्हता. त्याला वंगणाची साथ लागली. नैयायिक तिथे ओल्या सरपणाचे नाव घेतात आणि अशा गुपचूप आलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात.

गादीचा फुगवटा हा असा अग्नी आहे आणि वेदना हा धूर. फुगवट्यावरून वेदना सिद्ध करायला निघालेला माणूस तापलेल्या गोळ्यापाशी अडतो, आणि असे गोळे मोजले गेले आहेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता, आणि २७ टक्क्यांची गादी त्याहूनही पुढे आलेली होती. २०१५ च्या एका आढाव्यात कसलीच तक्रार नसलेल्या ३,११० जणांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा विशीतल्या माणसांत फुगवट्याचे प्रमाण ३० टक्के निघाले, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. गुडघ्याची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांची पाहणी २००८ मध्ये छापून आली. ज्यांच्या गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात त्या गुडघ्यात ना दुखले होते ना आखडले होते.

फुगवटा दुखरा करणारी उपाधी कोणती, हे शोधणे म्हणजेच तपासणी. मज्जातंतूचे मूळ दाबले गेले आहे का, त्याला सूज आहे का? डॉक्टर उताणे झोपवून पाय सरळ उचलतात, अंगठा वर ओढायला सांगून त्याचा जोर पाहतात, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला टोचून संवेदना विचारतात. डावा अंगठा कमजोर, कळ डाव्या पायातून अंगठ्यापर्यंत जाणारी, आणि चित्रातही चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीने डावीकडचेच मूळ दाबलेले, असे तीन साक्षीदार एकच गाव सांगू लागले की अनुमान घट्ट होते. चित्रात डावीकडे आणि दुखते उजवीकडे असेल, तर चित्र खरे असूनही निरुपयोगी ठरते.

या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट पटायला जड जाते, आणि त्याचे कारण त्याच्या कामात आहे. त्याची दृष्टी घडली ती ड्रॉइंगवर. ड्रॉइंगवर माप असते, मापाला टॉलरन्स असतो: अधिक-उणे पन्नास मायक्रॉन. गेजची गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. तसे झाले नाही तर जॉब लाल बिनमध्ये. कास्टिंगचाही एक्स-रे काढतात आणि पोकळी मर्यादेबाहेर दिसली तर तो तुकडा कुणाचे काही न ऐकता बाद होतो. आयुष्याची वीस वर्षे असे रिपोर्ट भरणारा माणूस स्वतःच्या पाठीचा रिपोर्ट त्याच डोळ्यांनी वाचतो: चार ठिकाणी दोष, म्हणजे माल रिजेक्ट. पण मणक्याचे ड्रॉइंग कुणी काढलेले नाही. त्याचा टॉलरन्स वयागणिक सरकतो, आणि मुख्य म्हणजे कास्टिंगला आपण दुखतो की नाही ते सांगता येत नाही, म्हणून तिथे चित्रालाच शेवटचा शब्द द्यावा लागतो. शरीराच्या बाबतीत ती सक्ती नाही.

‘मणक्यात गॅप आलाय’ हा बोलीतला निकाल याच दृष्टीचा. गादी झिजली की दोन मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही. म्हणजे वस्तुस्थितीच्या अगदी उलट शब्द रूढ झाला आहे. तरी तो का चिकटला हे समजते. बेअरिंगमध्ये गॅप आला की खडखड होते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

आता उलट बाजू. फिल्मवर काहीच दिसले नाही, म्हणून इजाच नाही असे म्हणता येते का? कुमारिल भट्टाच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैत वेदान्ताने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले: जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घटाचा अभाव कळतो. त्याला अट मात्र कडक आहे. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी योग्यता पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणे हे घटाच्या अभावाचे प्रमाण नव्हे. हातावर पडलेल्या माणसाच्या मनगटातले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडले, तर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर जाणता डॉक्टर हात बांधून ठेवतो आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतो, किंवा एमआरआय करतो. फाटलेला अस्थिबंध साध्या एक्स-रेला दिसतच नाही. मुका मार, चिरडलेल्या बोटाच्या टोकाची भाजल्यासारखी आग, महिनोन्‌महिने राहिलेला ठणका, यांतले बरेच काही कुठल्याच फिल्मवर उमटत नाही. इथे चित्रातली खूण हाच धूर आणि इजा हा अग्नी. ‘धूर नाही, म्हणून अग्नी नाही’ म्हणणाऱ्यालाही तोच तापलेला गोळा उत्तर देतो. ‘फोटोत काही नाही’ हे वाक्य ‘या फोटोत दिसण्यासारखे काही नाही’ असे पुरते वाचायला हवे. सुपरवायझर ते तसे वाचत नाही.

यापुढचा प्रश्न जास्त खोल आहे: वेदना असते कुठे? न्यायमताने दुःख हा आत्म्याचा गुण आहे आणि तो मनाच्या द्वारे ज्याचा त्यालाच प्रत्यक्ष होतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात मात्र इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांची गणना क्षेत्रात, म्हणजे जाणणाऱ्याच्या समोर असलेल्या पसाऱ्यात, केली आहे. क्षेत्रज्ञ त्याहून निराळा. ‘ज्ञानेश्वरी’चा सर्वांत भरदार विस्तार ज्या अध्यायांवर आहे त्यांत हा एक. आळंदी चाकणच्या पट्ट्याला लागूनच आहे. वारीच्या दिवसांत पालखी बघायला शिफ्ट बदलून घेणाऱ्यांना क्षेत्र-क्षेत्रज्ञ हे शब्द कीर्तनातून ओळखीचे असतात. या दोन मतांचा वाद मिटण्यासारखा नाही. पण एका मुद्द्यावर दोन्ही मते एकत्र येतात, आणि स्कॅनपुरते तेवढे पुरेसे आहे: दुःख हाडात किंवा गादीत ठेवलेली वस्तू नाही. ते जाणिवेसमोर येते तेव्हाच दुःख असते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा प्रत्यक्ष ऊतीला इजा असलीच पाहिजे अशी अट तिने घातली नाही, आणि माणूस आपल्याला दुखते असे सांगतो त्याचा मान राखावा, असे टिपेत नमूद केले. संस्कृत आणि मराठीतला ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूवरून आला आहे, याची इथे आठवण होते.

जे ज्याचे त्यालाच प्रत्यक्ष, ते दुसऱ्याला दोनच वाटांनी कळते: अनुमानाने किंवा शब्दाने. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. आप्त कोण, याचे उत्तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन असे देतो की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, अशी पुस्तीही तो जोडतो. आप्तपणा हुद्द्यावरून ठरत नाही. आपल्या पाठीच्या बाबतीत कंत्राटी हेल्पर आप्त असू शकतो आणि एमडी झालेला रेडिओलॉजिस्ट नसू शकतो. गादीच्या आकाराबाबत याच्या नेमके उलट. आयुर्वेदानेही हा वाटा राखून ठेवला होता. वाग्भटाच्या दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत तिसरी परीक्षा म्हणजे रुग्णाला विचारणे.

व्यवहारात शब्दाची किंमत मात्र घसरलेली असते, कारण तिथे पैसा गुंतलेला आहे. ईएसआयमध्ये कामावरच्या इजेने तात्पुरती असमर्थता आली तर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. कायमच्या हानीचे प्रमाण मेडिकल बोर्ड ठरवते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बोटांचे दर लावून ठेवले गेले. अंगठा पूर्ण गेला तर कमाईच्या क्षमतेतली ३० टक्के हानी, तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचे एक पेर गेले तर ९, आणि हाड न जाता नुसते टोक छाटले गेले तर ५. पाच आणि नऊ यांच्यामधला निवाडा एक्स-रे क्षणात करतो, आणि इथे त्याच्याइतका निःपक्ष साक्षीदार दुसरा नाही. परिशिष्टात न बसणारी इजा मात्र डॉक्टरांच्या मूल्यमापनावर सोपवलेली असते. पाठीची कळ तिथे येते. ‘लाइट ड्युटी द्या’ म्हणणारा कामगार, फिटनेस सर्टिफिकेट मागणारी कंपनी आणि दोघांच्या मध्ये एक फिल्म. खोटे दुखणे सांगणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण स्वार्थाची शंका हा साक्षीदाराला उलटतपासण्याचा आधार आहे. त्याला साक्षीलाच उभे न करण्याचा नव्हे.

साक्ष चुकतेही. दुचाकीवरून पडलेला तरुण उठून कपडे झटकतो, चहा पितो, ‘काही झालं नाही’ म्हणतो, आणि काही तासांत बेशुद्ध पडतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचताना मधला काळ असा फसवा, शुद्धीचा असू शकतो. तिथे सीटीतला भिंगासारखा पांढरा डाग खरा आणि ‘मी ठीक आहे’ हे शब्द चुकीचे. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर एमआरआयला दिवसभराचीही उसंत देता येत नाही. दुचाकीवरून पडलेल्या त्या तरुणाचे शब्द आपल्या अनुभवापुरते खरेच होते. कवटीत काय चालले आहे, हा मात्र त्याच्या अनुभवाचा विषय नव्हता. प्रत्येक प्रमाणाचे क्षेत्र वेगळे, आणि गोंधळ होतो तो एका प्रमाणाने दुसऱ्याच्या क्षेत्रात निकाल दिल्यावर.

रिपोर्टाचा आणखी एक परिणाम तर्कात बसत नाही. संयुत्त निकायातल्या ‘सल्ल’ सुत्तात बुद्धाने दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला झालेली वेदना हा पहिला बाण. तिच्यावर मनाने केलेला शोक, तळमळ, हा दुसरा. सल्ल म्हणजे शल्य; शस्त्रक्रियेच्या शास्त्राला शल्यतंत्र हे नाव मिळाले ते याच शब्दावरून. ‘डीजनरेटिव्ह’ हा शब्द वाचला की कमरेत उसण भरलेल्या पस्तिशीच्या माणसाला आपण आतून कुजत चाललो असे वाटते, आणि तो वाकणे, चालणे, मुलाला उचलणे सोडतो. पहिला बाण सहा आठवड्यांत निघाला असता. दुसरा वर्षभर रुततो. यावर उपाय म्हणून अमेरिकेत रिपोर्टांमध्येच असा मजकूर घालून पाहिला गेला की या खुणा न दुखणाऱ्या लोकांतही इतक्या प्रमाणात आढळतात. म्हणजे नैयायिकांची हरवलेली तिसरी पायरी परत आणली गेली. सुमारे अडीच लाख रुग्णांवरचा तो प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीवरचे पुढचे उपचार त्याने कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामके लिहून देण्याचे प्रमाण किंचित उतरले, इतकेच. बरोबर अनुमान कागदावर छापल्याने दुसरा बाण निघत नाही, असे दिसते. समोर बसून कुणी ते समजावून सांगितले तर काय होते, हा निराळा प्रश्न आहे. त्या प्रयोगात तो तपासलेला नव्हता.

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी एक छोटा कार्यक्रम असतो. घड्याळ, पट्टा, नाणी, करदोट्यातली किल्ली बाहेर काढून ठेवायची. मग तंत्रज्ञ कागदावरचे प्रश्न वाचतो: पेसमेकर आहे का, शरीरात रॉड-प्लेट आहे का, आणि ग्राइंडिंगचे किंवा लेथचे काम करता का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? शेवटचा प्रश्न या पट्ट्यात औपचारिक नाही. दीड टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पटींनी बलवान असते, आणि डोळ्यात राहून गेलेला सूक्ष्म कण त्याने हलला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पत्र्याचे काम केलेल्या एका माणसाचे असे प्रकरण १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. उत्तर ‘हो’ आले, तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात. ‘नाही’ आले, तर सरळ टेबलावर घेतात. दहा वर्षांपूर्वी ग्राइंडरवर काम करताना काहीतरी उडाले होते, चोळल्यावर बरे वाटले होते, हे त्या माणसाला आठवावे लागते आणि सांगावे लागते. तंत्रज्ञ पेन धरून थांबलेला असतो.